हाय म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून

"गादीवाल्या चाचानं दुकान देऊन टाकायचं ठरवलंय म्हणं, त्या..."

एवढंच ऐकलं मी. कर्जतहून आमच्या चौक गावाला येणाऱ्या टेंपोत मागच्या बाकावर दोघी बायका बसल्या होत्या, त्यातली एक दुसरीला सांगत होती. नेमका तेवढ्यात टेंपोवाल्यानं करकचून ब्रेक मारला. दोघी पिशव्या सावरत उतरल्या आणि शेताच्या वाटेला लागल्या. वाक्याचं शेपूट त्यांच्याबरोबर गेलं!

त्या कोणाला? त्या अमक्याला, की त्या तमकीला? मी "थांबवा हो जरा" म्हणायला तोंड उघडलंसुद्धा होतं. शेजारचा माणूस म्हणाला, "काय विसरलं का मावशी?" आता त्याला काय सांगणार?

हे गादीवाले चाचा म्हणजे आमचे उस्मानचाचा. जुन्या हायवेला लागून त्यांचा गादी कारखाना आणि कारखान्याला लागून आमचं घर. मधली भिंत एकच. किस्से गोळा करायला लोक कुठं कुठं जातात म्हणे. मला उंबरा ओलांडावा लागत नाही. चाचा कापूस पिंजतात तो उडून आमच्या डाळीत पडतो, तसे तिकडचे किस्सेही पडतात. डाळीतला कापूस मी काढून टाकते, किस्से तेवढे ठेवून घेते. आमचे हे म्हणतात, "तुला याचा पगार मिळायला पाहिजे!"

पण कार्डमशीनच्या वेळचे किस्से असे एकावर एक आले की मला धड एका जागी बसवेना. कुकर लावला की शिट्ट्या मोजायच्या आधी मी शेजारी!

*

त्या दिवशी घरी आले, पिशवी ठेवली, पाणीसुद्धा प्यायले नाही. उशी उचलली आणि निघाले. माझी एक उशी आहे, ती याच कामाची. काही विचारायचं असलं की "कापूस गोळा झालाय गं" म्हणून ती दुकानात न्यायची.

दुकानात मुमताज होती. चाचांची सून. नवरा कंटेनरवर ड्रायव्हर, घरी असतो कमी आणि रस्त्यावर जास्त. चाचांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून गादीचं माप घेण्यापासून शेवटचा टाका घालण्यापर्यंत सगळं तीच बघते. चाचा काळा चष्मा लावून खुर्चीत बसतात आणि आवाजावरून गिऱ्हाईक ओळखतात.

मुमताजनं उशी हातात घेतली, दाबून बघितली.

"सुमनताई, ही उशी मी आत्ताच तर भरून दिली होती."

"हो का? मग परत बसली असेल."

"उशी नाय बसली. तुमी बसा. काय विचारायचंय ते विचारा."

मी बसले. मग कळलं ते असं. पळसदरीला धरणाच्या अंगाला एक नवीन रिसॉर्ट होतंय. त्याचा मॅनेजर येऊन गेला. गाद्या दाबून बघितल्या, एकीवर आडवा झाला, आणि तसाच झोपला! उठल्यावर म्हणाला, सगळ्या खोल्यांच्या गाद्या-उशा तुमच्याकडूनच घेतो. पण पैसे देणार कंपनीच्या कार्डावरून. रोख नाही, भिंतीवरचा तो चौकोन स्कॅन करणं नाही. कार्डाचं मशीन असेल तर तुम्ही, नसेल तर पनवेल.

आणि पनवेलचं नाव निघालं की मुमताजचा दीर आला. तो तिथंच असतो. त्यानं एक चहाची कंपनी गाठलीय. ठिकठिकाणी एकसारखी दुकानं काढतात ना, तसली. त्यांना हायवेला लागून शटर पाहिजे. चाचा म्हणालेत, रिसॉर्टचं काम आलं तर गादी कारखाना चालू द्या, नाही आलं तर चहावाल्याला देऊन टाका. माझ्या डोळ्यांनी आता काही होणार नाही.

"मला टाक्याशिवाय दुसरं काय येतंय, सुमनताई?" मुमताज हळूच म्हणाली. "कपाळाला हात लावून त्यांचा चहा पीत बसू?"

म्हणजे टेंपोतल्या बाईचं वाक्य 'त्या चहावाल्याला' असं पुरं होत होतं. शेपूट सापडलं! पण ते असं घशात अडकलं की रात्रीचं जेवण काही धड गेलं नाही.

*

समोर दिलीप मिस्त्रीचं गॅरेज. दिलीपला गाडीतलं जेवढं कळतं त्याहून जास्त मोबाइलमधलं कळतं. हे त्याचं स्वतःचं मत.

"भाभी, बँकेत खेटे कशाला घालता? आता सगळं चॅटवर होतं. मेसेजच्या ॲपवर ह्या नंबरला नुसतं 'हाय' पाठवायचं. मशीन घरपोच!"

"नुसतं हाय?"

"नुसतं हाय!"

मुमताजनं हाय पाठवलं. पापणी लवायच्या आत उत्तर! "नमस्कार! मी प्रिया, तुमची डिजिटल मदतनीस. चला, आपल्या दुकानासाठी कार्ड पेमेंट सुरू करूया."

मुमताजच्या एका हातात गादीची ही एवढी सुई. टाइप कोण करणार? ती माइकचं बटण दाबून बोलायची आणि फोन ते लिहून पाठवायचा.

प्रियानं विचारलं, "आपले दुकान आहे का?"

मुमताज फोनपाशी तोंड नेऊन म्हणाली, "हाय."

प्रिया म्हणाली, "नमस्कार! मी प्रिया, तुमची डिजिटल मदतनीस."

"अगो, आत्ताच सांगितलंस की!"

प्रियानं परत विचारलं, "आपले दुकान आहे का?"

"हाय, हाय!"

"नमस्कार! मी प्रिया, तुमची डिजिटल मदतनीस."

दिलीप म्हणाला, नेटवर्क नाही. मग आमची वरात नेटवर्क शोधायला. हायवेच्या कडेला गेलो, तिथं प्रियानं नमस्कार केला. आमच्या गच्चीवर गेलो, तिथंही नमस्कार. दिलीप गॅरेजमधल्या ट्रकच्या टपावर चढला, तिथंही तिचा नमस्कारच! एवढी नम्र मुलगी मी जन्मात बघितली नव्हती.

चाचा खालून ओरडले, "बहिरी हाय का ती?"

माइक चालूच होता. प्रियानं चाचांनाही नमस्कार केला.

शेवटी मुमताजचं टाळकं फिरलं. फोन तोंडासमोर धरून ती किंचाळली, "हो गं बये, होऽऽ!"

"धन्यवाद!" प्रिया म्हणाली. "आता पुढचा प्रश्न."

आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. दिलीपच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. "भाभी, ते इंग्लिशमधलं हाय वाटतंय तिला! आपण हाय म्हटलं की ती समजते, कोणतरी नवीन माणूस आला!"

तेव्हापासून मुमताजनं जिभेला वळणच लावून घेतलं. हाय बंद, नाय बंद. दिवसभर आपलं आहे आणि नाही. संध्याकाळी पोशीरची एक बाई आली. "उशी हाय का गं?"

"आहे," मुमताज म्हणाली.

बाईनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आहे? मग ऱ्हाऊ दे गं बाय. महाग असंल!"

*

चाचांना प्रियाबद्दल फार कळवळा. एवढी तरणी मुलगी, केव्हाही मेसेज करा, ही आपली जागी! एका दुपारी मुमताज आत गेलेली बघून त्यांनी फोन हातात घेतला. माइक दाबायचं त्यांना आता जमायला लागलं होतं. उत्तरं वाचून दाखवायला मी होतेच.

"पोरी, कुठल्या गावची गं तू?"

"क्षमस्व, मला समजले नाही. कृपया दिलेल्या पर्यायांतून निवडा."

"घरी कोणकोण असतं?"

"क्षमस्व, मला समजले नाही."

"बरं, जेवलीस तरी का?"

"क्षमस्व."

चाचांनी फोन खाली ठेवला. मला म्हणाले, "साहेब बाजूलाच बसलेला असणार, सुमन. बोलता येत नाय बिचारीला!"

*

मग प्रियानं विचारलं, व्यवसाय कोणता?

"गाद्या," मुमताज म्हणाली. प्रियाला समजलं नाही. "गादी कारखाना." नाही समजलं. "झोपायच्या गाद्या गं!" क्षमस्व.

दिलीपनं हात पुसले. "भाभी, असल्या गोष्टी इंग्लिशमधून सांगायच्या असतात. द्या इकडे." त्यानं फोन घेतला, घसा साफ केला, आणि दुकानाबाहेरून एक कंटेनर धडधडत जात असताना मोठ्यानं म्हणाला, "बेडिंग!"

फोननं लिहिलं, बेटिंग.

प्रियाचं उत्तर दिलीपनंच वाचून दाखवलं. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. "क्षमस्व. सट्टा, जुगार, लॉटरी अशा व्यवसायांसाठी आमची सेवा उपलब्ध नाही."

आता, दिलीपच्या गॅरेजमागं एक शेड आहे. रविवारी दुपारी तिथं टायर बदलायला बरीच माणसं जमतात आणि टायर एकही बदलत नाही, हे आख्ख्या चौक गावाला माहीत आहे. माहीत नाही ते फक्त त्याच्या बायकोला.

चाचांनी काळा चष्मा काढला. डॉक्टरनं नको सांगितलं असतानाही काढला.

"दिलीप, तुझ्या शेडमधलं तिला कसं कळलं रं?"

दिलीप असा गोरामोरा झाला! त्या रविवारी शेडला कुलूप. पुढच्या रविवारीही कुलूप. त्याची बायको मला भेटली तर म्हणाली, "वैनी, हे आजकाल रविवारचे घरी असतात. कुणाची कृपा म्हणायची?"

मी म्हटलं, "प्रियाची!"

तिनं त्याच दुपारी दिलीपला विचारलं, ही प्रिया कोण? पुढचं ऐकायला मात्र मला जाता आलं नाही. त्यांची आणि आमची भिंत लागून नाही.

*

व्यवसायाचं जमलं कसंबसं. तर प्रियाला दुकानाचा फोटो पाहिजे. मालक दुकानासमोर उभे, वर पाटी, पाटीवरचं नाव स्पष्ट.

मालक उभे राहिले. मुंबई-पुण्याच्या गाड्या थांबायच्या नाहीत. प्रत्येक फोटोत चाचांच्या पुढ्यात कधी सिमेंटची गाडी, कधी कोंबड्यांची. एकदा तर आख्खी लग्नाची बस! शेवटी दिलीप रस्त्यात हात आडवे करून उभा राहिला तेव्हा एक फोटो मिळाला.

पाटीचं काय? पाटीवर फ्लेक्स. गावातल्या एका होतकरू पुढाऱ्याचा वाढदिवस होऊन गेला होता, फ्लेक्स जायचं नाव घेत नव्हता. हात कोण लावणार? पाठवला तसाच फोटो.

प्रिया म्हणाली, "आपल्या पाटीवर 'भावी सरपंच' हे नाव दिसत आहे. दुकानाचे हेच नाव ठेवायचे का? हो किंवा नाही सांगा."

मुमताज घाईघाईनं "नाही, नाही" म्हणत होती, तोवर ही बातमी त्या पुढाऱ्याकडे पोचली. मी नाही सांगितलं! मी फक्त त्याच्या आईला सांगितलं. तो मोटारसायकलवर आला, फोनमध्ये डोकं घालून स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं, त्याचा फोटो काढून घेतला आणि स्टेटसला टाकला. वर लिहिलं, "आता मशीनसुद्धा म्हणतंय!"

आणि त्या आनंदात त्यानं फ्लेक्स स्वतःच्या हातानं उतरवून घरी नेला.

*

सगळं भरून झालं. आता प्रियाचं एकच पालुपद. केव्हाही विचारा, "आपला अर्ज पेंडिंग आहे."

ते दिवस वाईट गेले. मुमताजनं रिसॉर्टच्या भरवशावर कापूस आणला होता, कापडाचे तागे आणले होते. गाद्या शिवून भिंतीला लागत होत्या आणि मशीनचा पत्ता नाही. मॅनेजरचा दर दोन दिवसांनी फोन, "आलं का?" दिराचा रोज फोन, "नाही ना आलं?" मुमताज एक टाका घालायची की फोन बघायची. तिच्या बोटाला सुई टोचलेली मी पहिल्यांदाच बघितली. मीसुद्धा घरात एक काम धड करीना. भाजी निवडायला घ्यायची आणि दारात जाऊन निवडायची, म्हणजे कुरिअरवाला आधी मला दिसेल!

आमच्या विहारात रविवारी वंदनेनंतर बायका बसतात, तिथंही हाच विषय. एक म्हणाली, चाचांनी दुकान देऊन टाकलंसुद्धा, सही झाली. दुसरी म्हणाली, चहावाल्याला नाही, एका जिमवाल्याला दिलं. तिसरीनं तर आत जिमचे आरसेसुद्धा बघितले होते! मी म्हटलं, "अगं, माझी आणि त्यांची एकच भिंत आहे. आरसा लागला तर खिळा माझ्या घरात निघेल!"

चाचा मात्र शांत. एक दिवस मुमताजला म्हणाले, "एवढं काय जिवाला लावून घेतेस? अर्ज पेणला गेलाय ना? पेणला माझा मावसभाऊ हाय."

"पेणला?"

"तूच तर रोज वाचतेस. अर्ज पेण डिंग आहे."

मुमताज हसावं की रडावं अशी. समजावून सांगेपर्यंत चाचांनी मावसभावाला फोन लावलाच होता. तो बिचारा सरळ माणूस. दुपारभर उन्हात पेणमधली दोन-चार हापिसं फिरला. संध्याकाळी त्याचा फोन आला, चाचांनी स्पीकरवर टाकला.

"भाई, काळजी करू नका. अर्ज इथंच हाय. साहेब जेवायला गेलेत!"

*

शेवटी पेणचे साहेब जेवून आले म्हणा. प्रियाचा मेसेज आला, "फक्त एक टप्पा बाकी. मालकाने कॅमेऱ्यासमोर बसून ओळख पटवावी."

चाचांनी धुतलेला झब्बा घातला, टोपी घातली, दाढी विंचरली, अत्तराचा बोळा कानात ठेवला. मी म्हटलं, "चाचा, कॅमेऱ्याला वास येत नाही."

"तुला काय माहीत?"

चॅटमध्ये आलेल्या लिंकवर बोट ठेवलं, कॅमेरा उघडला, त्यात एक गोल. 'चेहरा गोलात आणा.' आणला. 'चष्मा काढा.' काढला. मग आलं, 'डोळे मिचकावा.'

मुमताजनं वाचलं आणि ओढणी तोंडाला लावली.

"काय म्हणते?" चाचांनी विचारलं.

"अब्बा, डोळे मिचकवायला सांगतेय."

"कोण?"

"प्रिया."

चाचांनी चष्मा उचलून परत डोळ्यांवर चढवला. "परक्या पोरीला डोळा मारू? ही दाढी घेऊन?"

दिलीप कळवळून म्हणाला, "चाचा, ती पोरगी नाय हो, कॉम्प्युटर हाय!"

"मग एवढे दिवस नमस्कार कोण करत होतं?"

"तोच!"

"आणि हे रेकॉर्ड होतं का?"

दिलीपला खोटं बोलता आलं असतं. पण तो म्हणाला, "होतं."

"झालं तर मग," म्हणून चाचा उठले ते थेट आत.

आम्ही सगळ्यांनी सांगून बघितलं. त्यांच्या मुलानं कंटेनर बाजूला लावून कुठूनतरी फोन केला. तोही हरला. म्हणाला, "मला गादी दिसली की झोप येते, मला यात ओढू नका. मुमताजच्या नावानं करा काय ते." मॅनेजरचा शेवटचा निरोप आला होता, रविवारी गाडी घेऊन येतो. मशीन असेल तर माल उचलतो, नसेल तर तसाच पनवेलला जातो. आणि दीर म्हणत होता, मग रविवारीच मी चहावाल्याला मापं घ्यायला घेऊन येतो.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून कसलाच आवाज आला नाही. पिंजण नाही, काठीनं गादी झोडपल्याचा धप धप नाही. इतकी वर्षं त्या आवाजाला मी शिव्या घालत आले. तो नाही म्हटल्यावर मला घरात बसवेना. दोनदा दारापर्यंत गेले आणि दोनदा परत आले. उशी न्यायचाही धीर झाला नाही.

सकाळी चाचा खुर्चीत येऊन बसले. म्हणाले, "तिला विचार, मालकाच्या जागी मालकीण चालती का."

मुमताजनं विचारलं. प्रियाला चालत होती. फक्त दुकानाचा कागद मालकिणीच्या नावाचा पाहिजे.

"मशीनपुरतं हं," चाचा म्हणाले, आणि डोळ्यांतून पाणी येत असताना टेंपोत बसून सुनेबरोबर स्वतः कर्जतला गेले. कागद करून आणला.

मग मुमताज कॅमेऱ्यासमोर बसली. ओढणी सावरली. 'चेहरा गोलात आणा.' 'डोळे मिचकावा.' तिनं चाचांकडे बघितलं.

चाचांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं. "मी बघत नाय. मार!"

तिनं मारला. हिरवी खूण आली!

"झालं?" चाचांनी भिंतीलाच विचारलं.

"झालं, अब्बा."

"एका डोळ्यात झालं, का दोन्ही लागले?"

*

रविवारी मशीन माझ्याआधी कुणाला दिसलं नाही. कुरिअरवाला गाडीवरून उतरायच्या आत मी त्याला दुकान दाखवलं. त्यानं विचारलं, "मुमताज तुम्हीच का?" मी म्हटलं, "जवळजवळ!"

मॅनेजरची गाडी आली आणि पाठोपाठ दीरही आला. बरोबर चहाच्या कंपनीचा माणूस, इस्त्रीच्या शर्टात, हातात मापाची टेप. दोन्ही गाड्या एकाच वेळी दारात! एका बाजूनं दिलीप आणि ड्रायव्हर गाद्या बाहेर काढतायत, दुसऱ्या बाजूनं तो माणूस टेप घेऊन शटरची रुंदी मोजतोय. दोघांच्या मधे चाचा खुर्चीत, काळा चष्मा लावून.

मुमताजनं मशीन दोन्ही हातांत धरलं होतं. तान्हं मूल धरावं तसं. तिनं रक्कम घातली, मॅनेजरनं कार्ड टेकवलं. मशीनवर नुसतं एक चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. दीर म्हणाला, "हे काय चालत नाय." मॅनेजरनं घड्याळाकडे बघितलं. गादी उचलून निघालेला दिलीप मधेच थांबला. टेपवाला शटरची उंची मोजायला लागला. माझा श्वास कुठं होता मला माहीत नाही.

आणि मशीन बोललं! एकदम बाईच्या आवाजात, खणखणीत. "पेमेंट यशस्वी झाले आहे!"

"वळखला का आवाज?" चाचा म्हणाले. "बोलायला लागली बघ पोर!"

मुमताजनं मशीन काउंटरवर ठेवलं आणि तोंड फिरवून उगाचच उशांची थप्पी सरळ करायला लागली. थप्पी सरळच होती.

गाद्या पळसदरीच्या रस्त्याला लागल्या. धूळ खाली बसली. चहाच्या कंपनीचा माणूस अजून टेप धरून उभाच होता. त्याला काय चाललंय ते कळेना. तो चाचांजवळ आला, जरा वाकून, आदबीनं म्हणाला, "चाचा, तुम्ही दुकान देऊन टाकायचं ठरवलं होतं ना?"

"ठरवलं होतं," चाचा म्हणाले. "दिलंसुद्धा."

दीर उडालाच. "दिलं? अब्बा, तुमी मशीनपुरतं म्हणाला होता!"

"आता दुकानपुरतं म्हणतो."

म्हणजे टेंपोतली बाई अगदीच खोटं बोलत नव्हती. देऊन टाकायचं ठरलं होतं आणि देऊनही टाकलं होतं! चुकलं होतं ते फक्त माझं शेपूट.

"पण दिलं कुणाला?" चहावाल्यानं विचारलं.

चाचांनी चष्मा नीट बसवला, पाय लांब केले आणि हायवेवरच्या सगळ्या गाड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जिनं डोळा मारला, तिला!"

टेप फर्रकन सुटून आपल्या डबीत गेली. तो माणूस आधी माझ्याकडे बघायला लागला.